मारुतीचं हेड

विजयेंद्राला फक्त मशीन हवी होती.

रविवारी सकाळी दोन गल्ल्या ओलांडून तो बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात जुना शर्ट, हात कोपरापर्यंत ऑईलनं काळे, त्यामुळं बेलही त्यानं कोपरानंच दाबली. विभानं दार उघडलं तसा म्हणाला, "तुझी ती कवळ्या घासायची मशीन दे की मला चार दिवस. नाहीतरी बंदच पडून आहे."

तो मशीनबद्दल बोलत होता, पण विभाला ते भलतीकडंच लागलं. ती दातांची डॉक्टर. बीदरात तिचा दवाखाना कितीतरी वर्षं चांगला चालला होता आणि येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आधीपासून त्याला कुलूप होतं.

"कशाला पाहिजे?" तिनं विचारलं.

"मारुतीचं हेड घासायचंय. आतून."

मारुती म्हणजे विजयेंद्राची जुनी आठशे. कृषी खात्यातला एक सहकारी निवृत्त होऊन मुलाकडं पुण्याला निघाला तेव्हा त्याच्याकडून यानं ती हट्टानं घेतली होती. मूळची पांढरी, आता पिवळट सायीच्या रंगाची. घरात बरी गाडी असताना ही कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालं होतं. गेल्या महिन्यात भालकीच्या रस्त्यावर ती तापली आणि हेडखालचं गॅसकेट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी, जळालं. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याचं झाकणच म्हणा. ते उतरवलंच आहे तर आतल्या नळ्याही सुधारून घेऊ, हे विजयेंद्राच्या डोक्यात मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिरलं. ज्या वाटेनं हवा आणि पेट्रोल इंजिनात जातं ती वाट ओतकामात थोडी खडबडीत, कडेकपारीची राहते. ती घासून सारखी केली की इंजिनाला मोकळा श्वास मिळतो आणि गाडी चढाला दमत नाही, असं त्याचं म्हणणं.

"मशीन देत न्हाई," विभा म्हणाली.

"कामून?"

"मोडशील. आईचा मिक्सर दुरुस्त केलास, आठवतंय न्हाई का?"

विजयेंद्राला आठवत होतं. त्याच्या हातात स्क्रू गेला की आधी स्क्रूचं डोकं जायचं. तो जरा वेळ दारातच घुटमळला आणि सहज बोलून गेला, "मग तू ये. तूच घास."

विभानं नकळत उजवं मनगट डाव्या हातात धरलं.

दसऱ्याच्या सुमाराला तिच्या त्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली होती. आधी तिनं दुर्लक्ष केलं. मग एका दुपारी, एका माणसाची दाढ कोरत असताना, तिच्या चिमटीतून ड्रिल निसटलं आणि खालच्या ट्रेमध्ये पडलं. त्या माणसाचे डोळे मिटलेले होते. त्याला काही लागलं नाही, कळलंही नाही. पण ट्रेमध्ये पडल्याचा तो आवाज विभाच्या कानात राहिला. तिनं त्याची दाढ तात्पुरती भरली, पुढच्या कामाला दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवलं आणि मदतनीस विजयश्रीला सांगितलं, उद्यापासून कुणाला वेळ देऊ नको.

सोलापूरला मनगटाचं ऑपरेशन झालं. दबलेली नस मोकळी झाली, बोटांत जाण आली. डॉक्टर म्हणाले, संक्रांतीनंतर खुशाल कामाला लागा. संक्रांत गेली, शिवरात्र गेली. विभा रोज सकाळी दवाखान्याची किल्ली हातात घ्यायची आणि काहीतरी निमित्त काढून परत खिळ्याला अडकवायची. नवरा संकर्षण गुलबर्ग्याला कॉलेजात शिकवायचा, शनिवारी घरी यायचा. त्यानंही आता विचारणं सोडून दिलं होतं. ऑपरेशननंतर तिनं सरावाला म्हणूनही एकदाही ड्रिल हातात धरलेलं नाही, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं.

"हेड बघून तरी येते," ती म्हणाली. मशीन तिनं सोबत घेतली, ती का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

विजयेंद्राच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत, हेड एका लाकडी पाटावर ठेवलेलं होतं. इंदुताई, त्यांची आई, ओट्यावर बसून चिंचोके काढत होत्या.

"तो पाट माझा जेवणाचा आहे," त्या लेकीला म्हणाल्या. "त्याला म्हणलं खाली पोतं घाल. ऐकतो का?"

विभानं गुडघे टेकून हेडमध्ये डोकावून बघितलं. काही दिसेना तेव्हा तिनं पिशवीतून तोंडात धरायचा छोटा आरसा काढला, कपाळाला दिवा बांधला आणि आरसा नळीच्या वळणाआड सरकवला. तीन नळ्या, तीन सिलिंडरांच्या. प्रत्येकीच्या आत ओतकामाची एक शीर उभी राहिलेली, जागोजागी बारीक पुळ्या. पहिल्या नळीच्या तोंडाशी एक वाकडा ओरखडा होता.

"हे कुणी केलं?"

"मीच. घरच्या ड्रिलनं. थोडंसंच."

"थोडंसं," विभा पुटपुटली.

तिनं मशीन जोडली, पायाखाली पेडल घेतलं आणि कवळ्या घासायचं कार्बाईडचं टोक बसवलं. दाताचं काम करताना करंगळीशेजारचं बोट कायम शेजारच्या दातावर टेकवून ठेवायचं असतं, म्हणजे हात हवेत राहत नाही. तिनं ते बोट हेडच्या कडेवर टेकवलं. मग बराच वेळ ती नुसतीच तशी बसून राहिली. मशीन बंद, पाय पेडलवर. विजयेंद्र काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात इंदुताईंनी त्याला चिंचोक्यांचं सूप आत ठेवायला पाठवलं.

विभानं पेडल दाबलं.

धातूचा आवाज दातासारखा नव्हता. जाड होता, भरडा होता. रुपेरी चुरा उडाला आणि टोक लगेच गच्च झालं. मऊ ॲल्युमिनिअम त्याच्या दातांत जाऊन बसलं होतं. तिनं ते ब्रशनं साफ केलं, मेणाच्या वडीवर फिरवलं, वर रॉकेलचा बोळा लावला आणि परत सुरुवात केली. या वेळी टोक सरळ कापत गेलं. हात टेकलेला होता. ती थांबली, बोटं उघडून मिटून बघितली. जाण होती. परत सुरुवात केली.

विजयेंद्र आतून आला तेव्हा पहिल्या नळीतली शीर निम्मी गेली होती.

त्यानंतर रोज सकाळी ऊन चढायच्या आत विभा अंगणात हजर व्हायची. कामाला एक रीत लागली. हेडच्या तोंडावर नवं गॅसकेट ठेवून तिनं निळ्या शाईनं त्याची आतली कड आखून घेतली होती. नळीचं तोंड तेवढ्यापर्यंतच मोठं करायचं, रेषेच्या बाहेर जायचं नाही. व्हॉल्व्ह जिथं बसतात ती गोल कड जपायची म्हणून तिनं जुने व्हॉल्व्ह तात्पुरते बसवून ठेवले होते. घासायचं, आरशात बघायचं, बोट फिरवायचं. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या बोटांनी इतकी वर्षं तेच केलं होतं, आणि ती बोटं आता परत सांगायला लागली होती.

विजयेंद्र ऑफिसला जायच्या आधी येऊन डोकावायचा. "आरशासारखं चकाकलं पाहिजे बरं का," असं एकदा म्हणाला.

"न्हाई. ह्या नळ्या आरशासारख्या करायच्या नसतात. जरा खरखरीत राहिल्या तर पेट्रोल हवेत मिसळतं, न्हाईतर थेंब होऊन भिंतीला चिकटतं."

"हे कुणी सांगितलं?"

"तुझ्याच व्हिडिओत आहे. तू शेवटपर्यंत बघत न्हाईस."

इंदुताईंना यातलं काही कळत नव्हतं. पण त्या सकाळचा चहा आता अंगणातच आणून द्यायच्या आणि लेक तोंडावरचा मास्क खाली करून चहा पिताना तिच्या हाताकडं बघत राहायच्या. कप कसा धरलाय, ते बघायच्या. धातूचा चुरा उडून वाळवणावर पडतो म्हणून त्यांनी मिरच्या मात्र गच्चीवर नेल्या.

पहिली नळी झाली. त्यात विजयेंद्राचा ओरखडाही विभानं मिसळून टाकला. दुसरी झाली. तिसऱ्या नळीच्या वळणावर, छताच्या बाजूला, एक जाडसर उंचवटा होता, तो ती हळूहळू उतरवत होती. बाकीच्या दोन्ही नळ्यांत उतरवला तेवढाच. मग तिनं आरसा सरकवला, आणि तिला तिथं काळा ठिपका दिसला.

आधी वाटलं, मेण असेल. तिनं ब्रश फिरवला. ठिपका तसाच. दात तपासायची बारीक सुई घेऊन तिनं टोक हलकेच लावलं. टोक आत गेलं.

विभानं सुई बाहेर काढली.

नळीच्या भिंतीपलीकडं पाणी खेळायची जागा असते. इंजिन थंड ठेवणारं पाणी तिथून फिरतं. व्हिडिओतला प्रत्येक माणूस एकच गोष्ट बजावून सांगत होता, की घासता घासता त्या जागेत भोक पाडू नका. पडलं तर पाणी इंजिनात शिरतं आणि हेड भंगारात जातं. तिनं आरसा जवळ नेला. ठिपक्याभोवती ओल दिसत होती. ती आतून आलेली, की तिनंच लावलेल्या रॉकेलची, ते समजेना. कोरड्या कापसानं पुसली. परत बघितलं तर परत ओलसर वाटली. हातानं चूक केली, असं तिच्या मनात आलं, आणि एकदा आलं ते जाईना. तिनं मशीन बंद केली, पेडल पायानं लांब सरकवलं आणि फोन घेतला.

विजयेंद्र त्या दिवशी आळंद तालुक्यात खजुरीला गेला होता. गारपिटीनं हरभऱ्याचं किती नुकसान झालं त्याची पाहणी चालली होती. फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता.

"अण्णा, तुझं हेड मी फोडलं बहुतेक."

"आँ?"

"तिसऱ्या नळीत भोक पडलंय. वरच्या अंगाला. सुई आत जायलीय."

कुणीतरी मागून कन्नडमध्ये त्याला काही विचारत होतं, त्याला त्यानं थांबायला सांगितलं. "किती घासलीस तिथं?"

"पहिल्या दोन्हींत घासलं तेवढंच. मोजूनच घेतलं होतं. हात सुटला न्हाई, घसरला न्हाई, जिथं लावायचं होतं तिथंच टोक लागलं. तरीबी..." बोलता बोलता विभा थांबली. आपण आत्ता काय बोललो, ते तिच्या कानावर पडलं होतं.

"तरीबी काय?"

"काही न्हाई. पण भोक आहे."

"बरं. उद्या कोळारच्या वसाहतीत नेऊ. वीरण्णा मिस्त्री हवा भरून बघतो, त्याच्याकडं सगळं आहे. तवर हात लावू नको." मग म्हणाला, "गेलं तर गेलं. भंगारात दुसरं मिळंल." पण ते त्यानं लहान आवाजात सांगितलं. ही गाडी परत महिनाभर अंगणात उभी राहणं त्याला किती जड जाईल, ते विभाला माहीत होतं.

फोन ठेवून ती ओट्यावर आईच्या शेजारी जाऊन बसली. इंदुताईंनी सगळं ऐकलं होतं.

"दाताला असं भोक पडतं तेव्हा काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"भरते. पण दात जिवंत असतो आई. थोडं तरी सावरून घेतो. हे लोखंड."

"ॲल्युमिनिअम म्हणत होतीस की."

विभाला हसू आलं नाही. पण ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि आईनं वाढलेला भात गुपचूप जेवली. मघाचं वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. हात सुटला नाही, घसरला नाही. ते खरं होतं का, की भावाला बरं वाटावं म्हणून बोलली? तिनं आठवून बघितलं. आठवडाभर, रोज, तो हात तिथंच टेकला होता. एकदाही बधिर झाला नव्हता. भोक मात्र पडलं होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील ते तिला जुळवता येईना.

बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत वीरण्णाचं शेड अगदी कडेला होतं. एका बाजूला क्रँक घासायचं मोठं यंत्र, दुसऱ्या बाजूला पाण्याची लांब टाकी, खाली गरम करायची सोय. वीरण्णा पन्नाशीचा, अंगानं भरलेला. विजयेंद्राची आणि त्याची ओळख जुनी, बोलणं निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये चालायचं. त्यानं हेड उजेडात धरलं, तिन्ही नळ्यांत बॅटरी मारून बघितली.

"काम कोण केलं?"

"माझी बहीण. दातांची डॉक्टर आहे."

"काम चांगलं आहे." मग तो तिसऱ्या नळीत पुन्हा डोकावला आणि चुकचुकला. "भोक तर आहे, अक्का. आरपार आहे का काय, मला पण असं बघून सांगता येत न्हाई. पाण्यात घालू, मग काय ते कळंल."

त्यानं हेडच्या खालच्या अंगाला रबर लावलेली जाड पट्टी ठेवून बोल्ट आवळले. पाण्याच्या वाटा सगळ्या बंद केल्या, एक सोडून. त्या एकीला हवेची नळी जोडली. हवा भरली, नळीवरच्या दाब मोजायच्या घड्याळाचा काटा वर चढला आणि स्थिर झाला. मग दोघांनी मिळून हेड टाकीत उतरवलं.

"सरका जरा, पाणी उडंल."

विभा सरकली नाही. ती टाकीच्या काठावर वाकून तिसऱ्या नळीकडं बघत होती. पाणी गढूळ होतं, पण दिसत होतं.

नळीच्या तोंडातून एक बुडबुडा निघाला. वर आला आणि फुटला.

विजयेंद्रानं तिच्याकडं बघितलं नाही. पाठोपाठ दुसरा निघाला. विभाचे हात काठावर घट्ट आवळले गेले. वीरण्णानं बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि नळीच्या आतून बोट फिरवलं. बरेच बुडबुडे एकदम वर आले. त्यानं हेड टाकीतच कुशीवर वळवलं, परत सरळ केलं, परत बोट फिरवलं. मग हात बाहेर काढून पुसला आणि म्हणाला, "आता बघा."

तिघंही बघत राहिले. पाणी निवळलं, लाटा थांबल्या. नळीचं तोंड काळंशार, स्वच्छ दिसत होतं. त्यातून काही येत नव्हतं.

"वळणात हवा अडकली होती," वीरण्णा म्हणाला. "पण मी लगेच सांगणार न्हाई. राहू दे तसंच."

शेजारच्या टपरीवरून चहा आला. वीरण्णा बशीत ओतून निवांत प्यायला. विजयेंद्रानं दोन घोट घेतले आणि कप ठेवून दिला. विभाचा चहा तसाच निवला. शेडच्या पत्र्यावर ऊन तापत होतं, बाहेर मालाचा ट्रक मागं घेणारा कुणाला तरी ओरडत होता. वीरण्णानं कप ठेवला, उठला आणि घड्याळावर बोट टेकवलं.

"काटा हलला न्हाई. बघा तुम्ही."

काटा जिथं होता तिथंच होता. टाकीतलं पाणी आरशासारखं गप्प होतं.

"म्हणजे?" विभानं विचारलं. तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"म्हणजे आरपार न्हाई. ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला असंल, तेवढीच खोबण. वरची साल तुम्ही काढली म्हणून उघडी पडली. असं निघतं कधी कधी. फक्त तिथं आता अजून घासू नका."

"आणि ते बुजवायचं?"

"कशाला? वेल्डिंग केलं तर हेड वाकंल. हवा जायची वाट आहे, पाण्याची न्हाई. राहू द्या."

विभा मागं सरकली आणि तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसली. तिनं उजवा हात समोर धरला, पालथा केला, उताणा केला. नखांत अजून रुपेरी चुरा अडकलेला होता. छातीवर कधीपासून ठेवलेलं एखादं जातं कुणीतरी उचलून नेल्यासारखं तिला झालं, आणि पाठोपाठ इतकी भूक लागली की कालच्या त्या भातानंतर काही खाल्लंच नाही, हे तिला आठवलं.

हेड व्हॉल्व्ह बसवायला वीरण्णाकडंच ठेवून दोघं बाहेर पडले आणि रस्त्यावरच्या गाड्यावर चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीभजी घेऊन बसले. विभानं पहिली प्लेट संपवली तेव्हा विजयेंद्राची निम्मीच झाली होती.

"खरं सांग अण्णा," ती दुसऱ्या प्लेटला हात घालत म्हणाली, "तू मला मुद्दाम बोलावलंस न्हाई का? माझ्या हाताला सराव व्हावा म्हणून?"

विजयेंद्र चावायचा थांबला. "न्हाई गं."

"आई तसंच म्हणत होती. विजयेंद्र मनातलं बोलत न्हाई, पण करतो, म्हणाली."

"आई काहीबी म्हणते. मला मशीन पाहिजे होती." तो खरोखरच गोंधळला होता. "तू दिली असतीस तर मीच केलं असतं की."

विभा हसायला लागली. भज्यातल्या मिरचीनं आधीच डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यात हसण्याचं मिसळलं. गाडेवाल्यानं न विचारताच पाण्याचा तांब्या पुढं केला. विजयेंद्राला आपलं काय चुकलं ते कळलं नाही, पण बहिणीला एवढं हसताना त्यानं दसऱ्यापासून बघितलं नव्हतं, म्हणून तोही हसला.

घरी आल्यावर त्यांनी इंदुताईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, देवापुढं साखर ठेवली आणि मग अंगणात येऊन विभासमोर खुर्ची ओढून बसल्या. तोंडातली खालची कवळी काढली आणि वर्तमानपत्रावर ठेवली.

"हे काय?" विभानं विचारलं.

"टोचायलीय. हिरडीला." कवळीशिवाय त्यांचे शब्द फुसफुसत होते. "दिवाळीपासून."

"सांगितलं कामून न्हाईस?"

विभानं हात साबणानं घासून घासून धुतले, दवाखान्यातल्या पिशवीतून हातमोजे आणि धुतलेला आरसा काढला, आणि आईचं तोंड उजेडाकडं वळवलं. डाव्या बाजूला, हिरडीच्या कडेला, लाल फोड उठला होता. आई इतके दिवस भाकरी सोडून फक्त भात खात होती, त्याचं कारण हे होतं तर. आणि विभा आठवडाभर तिच्यासमोर बसून इंजिन घासत होती.

"ह्याच मशीननं करणार?" इंदुताईंनी विचारलं.

"मशीन तीच. टोक नवं आहे आई, पाकीट तुझ्यासमोर फोडते."

कवळीची कड किती उतरवायची ते अंदाजानं ठरत नाही. थोडं घासायचं, घालून बघायचं, परत काढायचं. विभानं तसं केलं. शेवटच्या वेळी कवळी बसवताना तिचं बोट आईच्या गालाच्या आत होतं, ओल्या, मऊ, जिवंत जागेत. ते बोट स्थिर होतं. इंदुताईंनी जबडा हलवून बघितला, इकडं तिकडं, मग उठून आत गेल्या आणि सकाळच्या भाकरीचा कडक पापुद्रा तोंडात टाकून बाहेर आल्या. चावत राहिल्या. मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून परत आत गेल्या.

हेड इंजिनावर चढवायला विजयेंद्रानं पप्पू मेकॅनिकला बोलावलं. विभाची ती अट होती. पप्पूनं बोल्ट आवळले, कार्ब्युरेटर धुऊन बसवला. शनिवारी संकर्षणही गुलबर्ग्याहून आला होता, तो ओट्यावर उभा राहून बघत होता. विजयेंद्रानं चावी फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं आणि सुरू झालं. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, ऑईल जळून गेलं तसा विरळ झाला. मग आवाज लागला, एकसारखा, ठसका न लागता. पप्पूनं रेडिएटरमध्ये बघितलं, ऑईलची काडी काढून बघितली. पाणी पाण्याच्या जागी होतं, ऑईल ऑईलच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं गाडीत बसून औरादच्या रस्त्याला मांजरेच्या पुलापर्यंत गेले. जाताना उतार, त्यात काही कळलं नसतं. खरं कळणार होतं ते येताना, बीदरचं पठार चढताना. पूर्वी इथं तिसऱ्या गिअरमध्ये गाडी गुरगुरायची आणि दुसरा टाकल्याशिवाय पुढं सरकायची नाही. विजयेंद्रानं तिसरा ठेवला. स्टिअरिंगवर पुढं वाकून बसला, जणू तोच गाडी ओढत होता. वेग थोडा उतरला. तेवढाच. मग टिकला. वळण आलं, गेलं, चढ आणखी उभा झाला आणि गाडी तिसऱ्यातच, कुरकुर न करता, वर येत राहिली.

"बघ," विजयेंद्र म्हणाला. "बघ विभा."

"नवं गॅसकेट आहे, कार्ब्युरेटर साफ केलाय. त्यानंबी असंल."

"ते काही न्हाई. नळ्याच."

तिनं वाद घातला नाही. ती मागं आईजवळ बसली होती, खिडकीतून वारं येत होतं, आणि बाजूनं तुरीचं कापलेलं रान उतरत चाललं होतं. माथ्यावर आल्यावर विजयेंद्रानं गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडून आत बघत बसला. कुठं गळत नव्हतं. एका मोटारसायकलवाल्यानं थांबून विचारलं, काय झालं साहेब, तर विजयेंद्र म्हणाला काही झालं नाही, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लागला.

विभा खाली उतरली, जरा लांब गेली आणि विजयश्रीला फोन लावला.

"विजयश्री, उद्या येशील का? आधी झाडून पुसून घेऊ. मंगळवारपासून लोकांना वेळ दे. पहिल्या दिवशी थोडेच."

विजयश्री म्हणाली, "येते मॅडम. सकाळीच येते. दुबलगुंडीच्या एक बाई रोज फोन करायल्यात, दुसऱ्या कुणाकडं जाणार न्हाई म्हणतात. त्यांना सांगू का?"

"सांग."

फोन ठेवून ती वळली तेव्हा संकर्षण शेजारी उभा होता. त्यानं ऐकलं होतं. तो तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि दोघं खाली दूरवर दिसणाऱ्या मांजरेच्या पात्राकडं बघत राहिले.

"ऊन लागायलंय," इंदुताई गाडीतून म्हणाल्या. "त्या माणसाला सोड आता, विजयेंद्रा. त्याला कामं असतील."

मोटारसायकलवाला सुटल्यासारखा निघाला. विजयेंद्रानं बॉनेट खाली सोडलं आणि हात पुसत दाराकडं आला, पण विभानं त्याच्या हातातली चावी काढून घेतली.

"तू मागं बस," ती म्हणाली. "मी चालवते."